लघवीची गोळी आणि दादीचा विसर

आपल्या घरांत ज्या आजारांबद्दल बोललेच जात नाही, त्यांत लघवी न थांबणे हा एक. वयस्क माणसे जुम्याला जाणे सोडतात, लग्नकार्य टाळतात आणि 'तब्येत बरी नाही' एवढेच सांगतात. खरी धास्ती असते ती संडास किती लांब आणि वुजू टिकेल का, याची.

यावर औषधे आहेत आणि अनेकांना त्यांचा फायदाही होतो. पण ती शरीरात काय करतात हे घरच्यांना कोणी सांगत नाही, माझा आक्षेप तिथे आहे. मूत्राशयाने आकुंचन पावावे हा निरोप मज्जातंतू अ‍ॅसिटिलकोलिन या रसायनामार्फत पोचवतात. ऑक्सिब्युटिनिन, टोल्टेरोडिन, सॉलिफेनॅसिन ही औषधे तो निरोप अडवतात. अडचण अशी की लाळ सुटायला, आतडी हलायला आणि मेंदूत आठवण टिकायलाही हेच रसायन लागते. म्हणून तोंड कोरडे पडते (रोजात तर विचारूच नका), पोट साफ होत नाही आणि काही वृद्धांचा गोंधळ उडू लागतो. ऑक्सिब्युटिनिन मेंदूत सहज शिरते, ट्रॉस्पियम फारसे शिरत नाही.

दादी रकात विसरू लागली की आपण म्हणतो, वय झाले. नवी गोळी कधीपासून सुरू आहे, हे कोणी विचारत नाही. त्यात सर्दीची किंवा झोपेची गोळी मेडिकलमधून परस्पर आणलेली असते. तिचाही परिणाम बऱ्याचदा त्याच दिशेने होतो. ब्रिटनमधल्या २०१८च्या एका मोठ्या अभ्यासात अशा औषधांचा दीर्घ वापर आणि स्मृतिभ्रंश यांचा संबंध दिसला. औषधामुळेच तो होतो, असे मात्र त्यातून सिद्ध झालेले नाही. तेव्हा गोळी मनाने बंद करू नका, सगळ्या गोळ्या पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ठेवा. मिराबेग्रॉन वेगळ्या वाटेने मूत्राशय सैल करते, पण ते घेताना रक्तदाब तपासत राहावे लागते. चहा कमी करणे आणि दोन वेळांमधले अंतर हळूहळू वाढवणे, हे तर गोळीच्या आधीच करून पाहावे.

राहिला वुजूचा प्रश्न. ज्याचे थेंब सुटतच राहतात त्याला फिकहमध्ये 'माजूर' म्हणून सवलत आहे. तिच्या अटी मौलाना सांगतील. उर्दू शिकवताना जाणवते, की हा शब्द आता लोक फक्त 'अपंग' या अर्थाने ऐकतात. त्यामुळे म्हातारी माणसे तो स्वतःला लावून घ्यायला तयार नसतात. मुळात माजूर म्हणजे ज्याला उज्र आहे तो. जुम्याच्या बयानात एकदा हे सांगितले, तर किती जण पुन्हा मशिदीत येतील!