सातबाऱ्यावरची बहीण

एकत्र कुटुंबपद्धतीवर निबंध लिहायचा म्हटला, की आपण सारे एकसुरात गोडवे गातो. आजी-आजोबा, काका-काकू, एक चूल, सणावाराला भरलेले घर! हे सारे खरे आहे. परंतु या घराची खरी परीक्षा जमिनीच्या वाटणीच्या वेळी होते.

महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून हिंदू एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाच्या बरोबरीने हक्क दिला. मात्र त्यापूर्वी लग्न झालेल्या मुली वगळल्या. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीत ती अट राहिली नाही. हा हक्क जन्मतःच आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले.

कायदा दारापर्यंत आला, पण उंबरठ्यावर अडला. शेंद्रा-बिडकीनच्या औद्योगिक वसाहतींसाठी, पुढे समृद्धी महामार्गासाठी जमिनी गेल्या. आपल्या जिल्ह्यात जमिनीला मोल आले, तसे बहिणीच्या सहीलाही आले. एरवी भाऊबीजेपुरती आठवणारी बहीण हक्कसोडपत्रासाठी अगत्याने बोलावली जाते. माहेर तुटू नये म्हणून ती सही करते आणि आपण त्याला बहिणीची माया म्हणतो.

कोणी म्हणेल, तिचा वाटा हुंड्यात गेला. पण हुंडा तिच्या हाती कधी पडला? शिवाय १९६१ पासून तो गुन्हाच आहे!

मित्रांनो, सुटीत घरी जाल तेव्हा सातबारा मागून पाहा. बहिणीने वाटा मागताच जे घर मोडते, ते आजवर तिच्या गप्प राहण्यावरच उभे होते.