बढतीचा जिना

रुमानियातील चौथ्या श्रेणीच्या फुटबॉलशी आमच्या वाचकांचे काय देणेघेणे, असा प्रश्न कोणी केला तर तो गैर म्हणता येणार नाही. परंतु गोमंतकात फुटबॉल हा केवळ खेळ नव्हे, गावाच्या अब्रूचा प्रश्न आहे. शेतकापणीनंतर रिकाम्या झालेल्या शेतात गोलाचे खांब रोवून खेळणाऱ्या पोरांना, आपला संघ एक ना एक दिवस वरच्या पंक्तीत जाऊन बसेल, हे स्वप्न पडतच असते. ते स्वप्न खरे होण्याची वाट कशी असावी आणि ती कोण अडवतो, याचा पाठ रुमानियाइतक्या स्पष्टपणे दुसऱ्या एखाद्या देशाने क्वचितच दिला असेल.

त्या देशात एकेचाळीस जिल्हे आहेत आणि बुखारेस्ट ही राजधानी निराळी. या बेचाळीस ठिकाणी फुटबॉलची चौथी श्रेणी स्वतंत्रपणे खेळली जाते. तिचा कारभार जिल्ह्याची संघटना पाहते. खेळाडू बहुतेक हौशी. आठवडाभर कामधंदा करावयाचा आणि सुटीच्या दिवशी मैदानात उतरावयाचे. बऱ्याचशा क्लबांचा खर्च गावच्या नगरपालिकेच्या अनुदानावर चालतो, त्यामुळे महापौर बदलला की संघाचे ग्रहही बदलतात. वर्षभर झगडून जो जिल्ह्यात पहिला येतो, त्याने आता तरी वर जावे असे कोणालाही वाटेल. तसे होत नाही. शेजारच्या एखाद्या जिल्ह्याच्या विजेत्याशी त्याला आणखी एक लढत द्यावी लागते. जो जिंकेल तो तिसऱ्या श्रेणीत, जो हरेल तो पुन्हा पायथ्याशी. गेल्या दशकात बहुधा बेचाळीस विजेत्यांतून एकवीसच वर गेले. उरलेल्या एकवीस गावांत जिल्ह्याचे अजिंक्यपद आणि पराभवाचे दुःख एकाच आठवड्यात नांदत असेल. इतके करून वर जाण्याचा हक्क मिळाला तरी प्रवासखर्च झेपत नाही म्हणून तो नाकारणारे क्लबही निघतात!

हा नियम कठोर आहे, पण तो लबाड नाही. तो सर्वांना आधीपासून ठाऊक असतो आणि नाव पाहून बदलत नाही. २०१७-१८ च्या हंगामात याची परीक्षा झाली. त्या वर्षी बुखारेस्टच्या चौथ्या श्रेणीत रापिद आणि स्टेआवा ही दोन नावे एकाच वेळी अवतरली. रापिद हा १९२३ साली रेल्वे कामगारांनी स्थापन केलेला क्लब. तीन वेळा देशाचा विजेता, २०१६ मध्ये दिवाळखोरीत बुडालेला. स्टेआवा सैन्याचा. याच नावाच्या संघाने ७ मे १९८६ रोजी सेव्हिल येथे बलाढ्य बार्सिलोनाला हरवून युरोपचा चषक जिंकला. हा मान मिळविणारा तो पूर्व युरोपातील पहिला संघ. गोलरक्षक हेल्मुथ दुकादाम याने त्या रात्री ओळीने चार पेनल्टी अडविल्या. पुढे नाव आणि चिन्ह यांवरून खासगी मालक आणि संरक्षण मंत्रालय यांत कज्जा जुंपला. २०१४ च्या अखेरीस न्यायालयाचा कौल मंत्रालयाच्या बाजूने पडला. खासगी क्लबने २०१७ मध्ये नाव बदलले, आणि त्याच वर्षी सैन्याने आपला फुटबॉल विभाग पुन्हा उभा केला तो थेट तळाशी. युरोपच्या त्या चषकाचा वारसा कोणाचा, यावरून दोन्ही घरांत अजून भांडण आहे; त्यात आम्ही पडत नाही.

१४ एप्रिल २०१८ रोजी या दोन संघांचा सामना राष्ट्रीय क्रीडागारात झाला आणि त्याला ३६,२७७ प्रेक्षक जमले. चौथ्या श्रेणीच्या सामन्याला! देशाच्या पहिल्या श्रेणीतील कित्येक क्लबांनी हेवा करावा अशी ही गर्दी. ती कशासाठी लोटली? ढाली आणि चषक तर तेथे नव्हतेच. आपला संघ बुडाला तरी पुन्हा पहिल्या पायरीपासून चढू शकतो, हे डोळ्यांनी पाहावे म्हणून ती आली, असे आम्हांस वाटते. हंगामाच्या शेवटी रापिद वर गेला आणि २०२१ मध्ये पहिल्या श्रेणीत परतला. स्टेआवा मागे राहिला. पुढल्या वर्षी त्याने राजधानीचे अजिंक्यपद मिळविले, परंतु २०१९ च्या त्या जादा लढतीत तो अडखळला. युरोपविजेत्याचे नाव लावणारा संघ शेजारच्या जिल्ह्यातील हौशी मंडळींकडून अडवला गेला, आणि कोणी नियम वाकवला नाही. याला आम्ही न्याय म्हणतो.

न्याय कशाला म्हणत नाही, तेही त्याच देशाने दाखविले आहे. स्कोर्निचेश्ट हे हुकूमशहा चाउशेस्कू याचे जन्मगाव. १९७८ साली तेथील संघ तिसऱ्या श्रेणीत होता. वर जाण्यासाठी गोलांच्या फरकात मोरेनीच्या संघाला मागे टाकणे आवश्यक होते. अखेरच्या दिवशी मोरेनीकडून भरमसाट गोलांची खोटी वार्ता आली म्हणतात, आणि स्कोर्निचेश्टने स्लातिनाच्या संघावर अठरा गोल चढविले. अठरा विरुद्ध शून्य! पुढील वर्षी हे खेडे पहिल्या श्रेणीत दाखल झाले. समोरच्या संघाचे पाय त्या दिवशी कशाने जड झाले, हे सांगावयास नको. डिसेंबर १९८९ मध्ये राजवट कोसळली आणि हंगाम अर्ध्यावर असतानाच हा संघ पहिल्या श्रेणीतून काढला गेला. गुप्त पोलिसांच्या आश्रयाचा व्हिक्टोरिया हाही त्याबरोबर गेला.

आता दुसरे टोक. स्टेआवा २०२० मध्ये तिसऱ्या आणि २०२१ मध्ये दुसऱ्या श्रेणीत पोहोचला. २०२३ मध्ये तो बढतीच्या जागेत येऊनही वर जाऊ शकला नाही, कारण संरक्षण मंत्रालयाच्या मालकीच्या क्लबला पहिल्या श्रेणीची दारे कायद्याने बंद होती. सरकारी पैशाने खासगी क्लबांशी स्पर्धा करू नये, हा युक्तिवाद पोकळ नाही. कायदा क्लबला ठाऊक नव्हता, असेही नाही. पण मग पहिल्याच पायरीवर त्याला प्रवेश कशासाठी दिला? सहा वर्षे चढू द्यावयाचे, तिकिटे विकावयाची, आणि माथ्यावर पाटी लावावयाची की येथे तुम्हांस मज्जाव आहे, ही हजारो प्रेक्षकांची चेष्टाच होय.

आमच्या वाचकांना हे सारे अगदीच परके वाटू नये. २०१४ मध्ये सुरू झालेल्या इंडियन सुपर लीगला पहिली अनेक वर्षे खालून वर येण्याचा दरवाजाच नव्हता. पैसा भरून जागा मिळे, खेळून मिळत नसे. २०१६ मध्ये देंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग हे गोव्याचे तीन क्लब आय-लीगमधून बाहेर पडले, ते याच पायरीच्या प्रश्नावरून. आपली स्पर्धा दुय्यम ठरणार, हे त्यांना मान्य नव्हते. पाच वेळा राष्ट्रीय विजेता ठरलेला देंपो पुढे दुसऱ्या श्रेणीत खेळून २०२४ मध्ये आय-लीगमध्ये परतला. तोवर, २०२३ मध्ये, पंजाबचा संघ आय-लीग जिंकून सुपर लीगमध्ये गेला होता. खेळाच्या बळावर त्या दाराने आत जाणारा तो पहिला. दार किलकिले झाले खरे, पण वरून खाली येण्याची वाट तेव्हाही बंदच ठेवण्यात आली. तळचा संघ घसरणार नसेल तर वरच्या जागा रिकाम्या व्हावयाच्या कशा, हे आमच्या फुटबॉल महासंघाने एकदा समजावून सांगावे.

बुखारेस्टच्या घेन्चा वस्तीत २०२१ मध्ये स्टेआवासाठी एकतीस हजार आसनांचे नवे क्रीडागार उभे राहिले. ते सरकारने बांधले, आणि पहिल्या श्रेणीचा मज्जावही सरकारच्याच कायद्याचा. त्या एकतीस हजार आसनांसमोर सैन्याचा संघ दुसऱ्या श्रेणीचे सामने खेळू लागला.