ऊन आहे, लाईट नाही

मागच्या मे महिन्यातली गोष्ट. दुपारचे बारा वाजलेले, मी ऑफिसात मीटिंगमध्ये, आणि साताऱ्याहून आईचा फोन. "अरे, लाईट गेलीय. आणि तुझं ते सोलर पण बंद पडलंय, पंखा फिरत नाही." पॅनल बसवून जेमतेम तीन आठवडे झाले होते. गच्चीवर सहा पॅनल, सव्वातीन किलोवॅट, वर रणरणतं ऊन... आणि खाली आई पुठ्ठ्यानं वारा घेतेय!

आधी थोडी पार्श्वभूमी. साताऱ्याच्या घरी आई आणि अण्णा दोघंच असतात. 2005-06 च्या भारनियमनात मी तिथेच अभ्यास केलाय, त्यामुळे या घरातली लाईट जाणं कायमचं बंद करायचं हे माझ्या डोक्यात फार जुनं होतं. 2024 च्या फेब्रुवारीत पीएम सूर्यघर योजना जाहीर झाली. एका किलोवॅटला 30 हजार अनुदान, दोनला 60, तीन किंवा त्याहून जास्तला 78 हजार. झालं. मी एका शनिवारी एक्सेल शीट उघडली. अनुदान तीनला थांबतं, म्हणजे तीनच घ्यायचं. किलोवॅटमागे दिवसाला सरासरी 4 युनिट, म्हणजे महिन्याला साधारण 360. रविवारी संध्याकाळपर्यंत शीट हिरवीगार. अण्णांना फोन केला तर ते फक्त "बरं" म्हणाले. आईची एकच अट, कुरडया वाळवायला जागा ठेव. ठेवली. (सांगाडा उंच करून घेतला. त्याचे जादा पैसे पडले, पण ती मागणी मात्र मी नीट ऐकून घेतली होती.)

तर त्या दुपारी पॅनल बसवणाऱ्याला फोन लावला. तो शांतपणे म्हणाला, "सर, ऑन-ग्रिड आहे ना, ग्रिड गेलं की बंदच होणार." म्हटलं, हे आधी का नाही सांगितलं? "तुम्ही विचारलं नाही सर." आणि खरंच, मी पॅनलची एफिशियन्सी विचारली होती, वॉरंटी विचारली होती, मोबाईलवर ग्राफ दिसतो का तेसुद्धा विचारलं होतं. लाईट गेल्यावर काय होतं, हे नव्हतं विचारलं.

शुक्रवारी रात्री तणतणत साताऱ्याला पोचलो. ऊन आपलं, छप्पर आपलं, पॅनल आपले, मग वीज वापरायला परवानगी कुणाची? काहीतरी जुगाड करून हे बायपास करता येतं का, असं जेवताना म्हणालो. अण्णा हात थांबवून म्हणाले, "असलं काही करायचं नाही. ते बंद पडतंय तेच बरोबर आहे."

अण्णा वीज खात्यात लाईनमन होते. 31 वर्षं खांबावर चढले. त्यांनी सांगितलेली गोष्ट मी पूर्वी कधीच ऐकली नव्हती. वळवाच्या पावसात तार तुटली म्हणून ते आणि एक सहकारी कामावर गेले होते. लाईन बंद केलेली. सहकारी वर चढला, आणि गावात कुणीतरी चेंजओव्हर स्विच न लावता जनरेटर चालू केला. ट्रान्सफॉर्मर उलटाही चालतो. 11 हजार व्होल्टचे घरगुती होतात, तसे घरगुतीचे 11 हजारही होतात. माणूस वाचला, पण डाव्या हाताची दोन बोटं गेली. "खाली उतरवला तेव्हा शुद्धीवर होता," एवढंच म्हणून अण्णा उठले.

म्हणून ऑन-ग्रिड इन्व्हर्टर सतत ग्रिडचा व्होल्टेज आणि 50 हर्ट्झची फ्रिक्वेन्सी बघत असतो. ती दिसेनाशी झाली की क्षणात स्वतःला तोडून घेतो, आणि लाईट आल्यावरही काही मिनिटं थांबूनच परत जोडतो. मी ज्याला बग समजत होतो, तो कुणाच्या तरी दोन बोटांसाठी होता. लाईट नसताना सोलर चालायला हवं असेल तर घर ग्रिडपासून वेगळं करणारा हायब्रीड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते, आणि खर्चाचा आकडा चांगलाच वर सरकतो.

त्या रात्री अण्णांनी जुन्या बिलांची फाईल पुढ्यात टाकली. महिन्याला 80 युनिट, 95 युनिट, उन्हाळ्यात फार तर 120. दोन माणसं, एक फ्रीज, दोन पंखे. आणि मी बसवले होते 360 युनिटवाले पॅनल! जादा युनिट नेट मीटरमधून पुढच्या महिन्यात जमा होतात हे खरं, पण वर्षअखेरीला उरलेल्यांचे पैसे आपण वीज घेतो त्यापेक्षा बऱ्याच कमी भावानं मिळतात. बरं, घरगुती दर टप्प्यांचे, पहिली 100 युनिटं सगळ्यात स्वस्त. म्हणजे मी त्यांची वाचवली ती सगळ्यात स्वस्त वीज. त्यांना खरं तर एक किलोवॅट पुरला असता, आणि लाईट जाण्यावर इलाज म्हणजे साधा इन्व्हर्टर आणि एक बॅटरी.

ऑफिसात एखाद्या ज्युनिअरनं गिऱ्हाईकाशी न बोलता कोड लिहिला तर मी त्याला काय बोललो असतो ते इथे लिहिण्यासारखं नाही. इथे गिऱ्हाईक आईवडील होते आणि त्यातला एक 31 वर्षं याच धंद्यात होता!

माझं आता स्पष्ट मत आहे की सोलरचा हिशोब अनुदानापासून सुरू करणं चूक आहे. वर्षभराची बिलं काढून बसा, मग पॅनल मोजा. आणि गंमत बघा. ज्यांची बिलं मोठी, म्हणजे एसी, गीझर, वर्क फ्रॉम होमवाले आपण, ते राहतो फ्लॅटमध्ये आणि आपल्याला छप्पर नाही. ज्यांना छप्पर आहे त्या आईवडिलांचं बिल शंभर युनिटाचं. आपण आपली हौस त्यांच्या गच्चीवर बसवतो. त्यापेक्षा सोसायटीच्या लिफ्टचं आणि पाण्याच्या पंपाचं बिल बघा. सामायिक वापरासाठी सोसायट्यांनाही याच योजनेत किलोवॅटला 18 हजार आहेत. आमच्या सोसायटीत मी हा विषय दोनदा काढलाय. दोन्ही वेळा चर्चा पार्किंगवर गेली. असो.

साताऱ्याचे पॅनल अर्थातच काढले नाहीत. साधा इन्व्हर्टर आणि बॅटरी वेगळी आणली, आता लाईट गेली की आईचा पंखा चालतो. अण्णांनी एक वही घातलीय. रोज संध्याकाळी मीटरसमोर उभं राहून आलेली आणि गेलेली युनिटं लिहितात. आमच्याच फेजवर दोन घरं सोडून मसाला कांडप आहे, आपली जादा वीज आधी तिथेच जाते असं त्यांचं म्हणणं. परवा फोनवर मी तब्येत विचारली तर म्हणाले, "आज कांडपवाल्याला नऊ युनिटं दिली."