अर्ध्या कोयत्याचा संसार

बीड जिल्ह्यात दिवाळी सरते न सरते तोच वाड्या-तांड्यांवरील घरांना कुलपे लागू लागतात. धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार या तालुक्यांतील ऊसतोड मजूर पश्चिम महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात, ते हंगाम संपल्यावरच परततात. मुकादमाची उचल हाती आली की कापड, किराणा आणि भांड्यांच्या दुकानांत गर्दी उसळते, हे येथील व्यापारी घरांना निराळे सांगावयास नको. त्या उचलीचे माप मात्र विचार करण्याजोगे आहे. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकटे माणूस म्हणजे अर्धा कोयता. उचल ठरते ती याच मापाने. लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसालाही हे ठाऊक असते की परमुलखात संसार चालवायचा तर दोघांचे हात चालले पाहिजेत.

याच जिल्ह्यातून आता दुसरेही एक स्थलांतर होते. अंबाजोगाई, माजलगाव, गेवराई येथील पेढ्यांवरची मुले पुण्यात अभियंता होतात, परदेशात पुढचे शिक्षण घेतात आणि तात्पुरत्या कामाच्या व्हिसावर तेथे स्थिरावू पाहतात. दोन्ही स्थलांतरांतील कष्टांची बरोबरी करणे हा अविचार ठरेल. पहाटेच्या थंडीत फडात उभ्या राहणाऱ्या बाईचे दुःख संगणकासमोर बसणाऱ्याला कळणार नाही. तुलना आहे ती फक्त मापाची. परदेशी पगाराचा आकडा ऐकून हरखणाऱ्या आपल्या शिकलेल्या घरांतून हे कोयत्याचे माप नेमके विसरले जाते.

आकडा ऐकला की पहिली क्रिया गुणाकाराची होते. डॉलर नव्वदच्या घरात, म्हणून पगार गुणिले नव्वद. ही चूक आजोबांच्या पिढीने केली नसती. बीड निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते तेव्हा येथे हाली सिक्का चाले आणि सरहद्दीपलीकडे इंग्रजांचा कलदार. साधारण सात हाली म्हणजे सहा कलदार. सोलापूरहून किंवा नगरहून माल आणणारा व्यापारी दोन्ही नाण्यांचा हिशेब ठेवी, पण कलदारातला खर्च कलदारातल्या आवकेतूनच वजा करी. उत्पन्न एका नाण्यात मोजायचे आणि खर्च दुसऱ्या नाण्यात, असा जमाखर्च कोणत्याही मुनिमाने मान्य केला नसता. डॉलरमध्ये मिळणारा पगार डॉलरमध्येच खर्च होतो. रुपयाचा भाव लागतो तो शिल्लक उरलेल्या रकमेला, आणि तीही उरली तर.

ती उरते की नाही, हे पुष्कळदा पगारावर नव्हे तर बायकोच्या व्हिसावर ठरते.

अमेरिकेचे उदाहरण घ्यावे. १९९० च्या कायद्याने अस्तित्वात आलेला एच-१बी व्हिसा प्रथम तीन आणि मुदतवाढीनंतर एकूण सहा वर्षांचा असतो. दरवर्षी ६५,००० आणि तेथेच उच्चशिक्षण घेतलेल्यांसाठी आणखी २०,००० एवढीच मर्यादा, म्हणून सोडत. त्यातच १९ सप्टेंबर २०२५ च्या घोषणेने देशाबाहेरून नव्याने बोलावल्या जाणाऱ्या कर्मचाऱ्याच्या अर्जावर १,००,००० डॉलरचा भार आला. एवढे पार करून तरुण तेथे टिकला, तरी त्याच्या पत्नीला मिळतो तो एच-४ व्हिसा. त्यावर राहता येते, शिकता येते. कमावता येत नाही. २०१५ पासून काही पत्नींना कामाचा परवाना मिळू लागला, पण तो सहसा पतीच्या मालकाने दाखल केलेला ग्रीन कार्डाचा अर्ज, ज्याला आय-१४० म्हणतात, मंजूर झाल्यानंतरच. म्हणजे सनदी लेखापाल झालेली, औरंगाबादला किंवा पुण्याला स्वतःच्या पायावर उभी असलेली मुलगी लग्न करून तेथे जाते आणि काही वर्षे तिच्या नावावर एक डॉलरही जमा होऊ शकत नाही. परवाना हाती आला तरी त्याचे नूतनीकरण वेळेत व्हावे लागते. नूतनीकरणाचा अर्ज केला की जुना परवाना आपोआप पुढे चालू राहण्याची जी सोय होती, ती ३० ऑक्टोबर २०२५ पासून दाखल होणाऱ्या अर्जांना उरलेली नाही. कागद अडकला की काम थांबते.

घरभाडे, मोटार, विमा, वाणसामान या सगळ्यांसाठी हात एकच, म्हणजे अर्धा कोयता. त्यातही पतीच्या वेतनातून सोशल सिक्युरिटीचे ६.२ टक्के आणि मेडिकेअरचे १.४५ टक्के कापले जातात. सोशल सिक्युरिटीच्या निवृत्तिवेतनास पात्र होण्यासाठी ४० तिमाह्या, म्हणजे दहा वर्षांचे काम लागते. व्हिसा सहा वर्षांचा आणि अट दहा वर्षांची. भारत आणि अमेरिका यांच्यात या वर्गणीविषयीचा करार नसल्याने सहा वर्षांनी परतणाऱ्याची ही रक्कम तेथेच राहते. बँकेच्या भाषेत बोलायचे तर ही बचत नव्हे. हा खर्चच धरला पाहिजे. आणि नोकरी गेलीच, तर नवी शोधण्यास किंवा सामान आवरण्यास जास्तीत जास्त साठ दिवस मिळतात. घराचा भाडेकरार वर्षाचा असतो.

इंग्लंडची रीत उलटी आहे. कुशल कामगाराच्या पत्नीला तेथे पहिल्या दिवसापासून काम करण्याची मुभा असते. हात मोकळा आहे, पण उंबरठ्यावरच मोठी रक्कम मोजून घेतली जाते. आरोग्य अधिभार प्रौढास वर्षाला १,०३५ पौंड आणि मुलास ७७६ पौंड, तोही व्हिसाच्या सर्व वर्षांचा आगाऊ. पती, पत्नी आणि एक मूल यांचा तीन वर्षांचा अधिभार ८,५३८ पौंड होतो. पौंड एकशेवीसच्या आसपास धरला तर दहा लाख रुपयांहून अधिक, आणि व्हिसाचे शुल्क त्याखेरीज. काही मालक कर्मचाऱ्यापुरता भार उचलतात. बायकामुलांचा सहसा स्वतःच उचलावा लागतो.

आता पगार पाहावा. या व्हिसासाठीची सर्वसाधारण वेतनमर्यादा एप्रिल २०२४ मध्ये २६,२०० वरून ३८,७०० पौंडांवर आणि २२ जुलै २०२५ रोजी ४१,७०० पौंडांवर गेली. नेमक्या या मर्यादेवर नेमलेल्या तरुणाचा हिशेब असा होतो. पहिले १२,५७० पौंड करमुक्त. उरलेल्या २९,१३० वर वीस टक्के प्राप्तिकर म्हणजे ५,८२६ पौंड आणि आठ टक्के राष्ट्रीय विमा म्हणजे सुमारे २,३३० पौंड. हाती वर्षाला ३३,५४४, महिन्याला सुमारे २,७९५ पौंड. पेन्शनची वर्गणी यातून आणखी जायची आहे. नवागत तरुणांना ३३,४०० पौंडांची सवलतीची मर्यादा आहे. त्यांच्या हाती महिन्याला २,३०० पौंडही पडत नाहीत. लंडनमध्ये यातील केवढा भाग घरभाड्यात जातो, हे तेथे राहून आलेल्या कोणालाही विचारावे. सरकारी मदतीचा आधार नाही, कारण या व्हिसावर सार्वजनिक निधीतून काही घेता येत नाही. तीन-चार वर्षांच्या मुलाला आठवड्याचे पंधरा तास बालवाडी मोफत मिळते, पण नोकरदार आईबापांसाठी असलेली तीस तासांची सवलत दोघेही अशा व्हिसावर असतील तर लागू होत नाही. परिणामी पत्नीला काम करण्याची मुभा असूनही पाळणाघराचे शुल्क आणि तिचा पगार यांची जवळजवळ फिट्टंफाट होते, आणि हात मोकळा असून बाई घरी बसते.

वृद्धांची शुश्रूषा करणाऱ्या काळजीवाहकांना तर ११ मार्च २०२४ पासून कुटुंब आणताच येत नाही. तेथे प्रश्नच मिटला.

जर्मनीत ब्लू कार्डधारकाच्या पत्नीला कामाची पूर्ण मुभा आहे, आणि मुलामागे सरकारकडून बालभत्ता मिळतो. २०२५ मध्ये तो दरमहा २५५ युरो होता. कायद्याने येथे पूर्ण कोयता आहे. अडचण भाषेची. जर्मन येत नसेल तर मोकळा हातही बांधल्यासारखाच. लग्न ठरल्यापासून निघेपर्यंतचे महिने पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनात किंवा अन्य चांगल्या वर्गात घालवणारी मुलगी त्या घराची पहिली गुंतवणूक करते, असे म्हणण्यास हरकत नाही. दागिन्यांवर होणाऱ्या खर्चाच्या मानाने ती फारच स्वस्त पडते.

मूल झाल्यावर सगळा जमाखर्च नव्याने मांडावा लागतो. अमेरिकेत सरकारी शाळा विनाशुल्क आहे, पण ती साधारण पाचव्या वर्षापासून. तोवरचा खर्च पाळणाघराचा किंवा आजीचा. आजी स्वस्त पडते असा सार्वत्रिक समज आहे, तो तपासून घ्यावा. पर्यटक व्हिसावर सहसा एका वेळी सहा महिने राहता येते. दोन माणसांचे विमानभाडे, प्रवासी आरोग्य विमा, आणि त्या विम्यात जुने आजार बहुधा वगळलेले. साठी ओलांडलेल्या, मधुमेह-रक्तदाब असलेल्या आजोबांना एक रात्र रुग्णालयात काढावी लागली तर वर्षाची शिल्लक बुडू शकते. शिवाय सहा महिने पेढी कोणी सांभाळायची? भरवशाचा माणूस ठेवला तर त्याचा पगार, न ठेवला तर तुटलेले गिऱ्हाईक. हा खर्च मुलाच्या वहीत दिसत नाही, बापाच्या वहीत दिसतो. आजी नातवाला मराठी बोलायला शिकवते, पर्युषणात सूनबाईंच्या पाठीशी उभी राहते, याची किंमत कोणत्याही वहीत मांडता येणार नाही हे खरेच. पण विम्याची पॉलिसी मात्र निघण्यापूर्वी ओळीन् ओळ वाचावी.

आणखी एक हप्ता बीडमध्येच चालू असतो. परदेशी शिक्षणाचे कर्ज साडेसात लाखांवर गेले की बँक सहसा तारण मागते, आणि ते तारण म्हणजे राहते घर किंवा दुकानाची जागा. शिक्षणाचा काळ आणि त्यापुढे साधारण एक वर्ष, एवढी सवलत संपली की हप्ता सुरू होतो. मुलाला साठ दिवस मिळतात, हप्त्याला महिनाच मिळतो. म्हणून पत्नी आणि मूल नेण्यापूर्वी किमान सहा हप्त्यांची रक्कम एनआरई खात्यात बाजूला असावी. या खात्यावरचे व्याज भारतात करमुक्त असते. अमेरिकेत मात्र तेथील रहिवासी ठरलेल्याला ते उत्पन्नात दाखवावे लागते. पेढ्यांनी आणखी एक ध्यानात घ्यावे. मुलाला पेढीच्या खात्यावर सही करण्याचा अधिकार असेल, तर अमेरिकेबाहेरील अशा सर्व खात्यांची मिळून शिल्लक वर्षात केव्हाही १०,००० डॉलरांवर गेल्यास त्याला तेथे तसे विवरण दरसाल द्यावे लागते. न दिल्यास दंड जबर आहे. जाताना त्याचे नाव सहीतून काढणे सोपे, तीन वर्षांनी खुलासा करणे कठीण.

आपल्या समाजातील अनेक घरांचे पूर्वज मारवाडातून या मुलखात आले ते एकटे. त्या जाण्याला मुसाफिरी म्हणत. पेढी बसेपर्यंत बायकामुले गावी राहत आणि कित्येकदा वर्षेच्या वर्षे लोटत. त्या ताटातुटीचा हिशेब पुरुषांनी मांडला. बायकांचा कोणी विचारलाच नाही. आजही काही जोडपी पहिले वर्ष वेगळे काढतात: तो तिकडे, ती पुण्यात नोकरीवर. पैशाच्या दृष्टीने हे शहाणपणाचे आहे, कारण दोन्ही हात चालू राहतात. पण हा निर्णय तिच्यासह झालेला असावा आणि त्याला तारीख असावी. मुदती हुंडीवर मुदत लिहिलेली असे, दर्शनी हुंडीवर नसे. फरक व्यापाऱ्यांना समजावून सांगण्याची गरज नाही.

परदेशचे स्थळ येते तेव्हा बैठकीत पॅकेज विचारले जाते, शहर विचारले जाते, घर स्वतःचे की भाड्याचे हेही विचारले जाते. व्हिसा कोणता, त्याची किती वर्षे सरली, आय-१४० मंजूर आहे का, मुलीला कामाचा परवाना केव्हा मिळेल, नोकरी गेल्यास किती महिन्यांची गंगाजळी आहे, शैक्षणिक कर्जाची बाकी किती आणि तारण कोणते, हे प्रश्न क्वचितच निघतात. मुलीच्या वडिलांनी ते काढले तर वरपक्षाला अविश्वास वाटतो. मुलीने स्वतः, मुलाशी निवांत बोलताना विचारावेत. बहुतेक मुले खरे सांगतात. त्यांना ते आजवर कोणी विचारलेले नसते.