खोकं भरताना

दिवाळीच्या फराळाचे डबे घासूनपुसून माळ्यावर जातात न जातात तोच डिसेंबर उजाडतो. या दिवसांत आमच्या भिशीतल्या बायका आणखी एक काम करतात. मुलींच्या एका वसतिगृहासाठी नाताळच्या भेटीची खोकी भरतात. मी अर्धवेळ शिकवते त्या शाळेतल्या एका ख्रिस्ती सहशिक्षिकेने तीन वर्षांपूर्वी ही कल्पना काढली. बुटांच्या खोक्यात भेटी भरायची पद्धत परदेशातली. १९९० साली वेल्समधल्या मंडळींनी रुमानियातल्या अनाथ मुलांसाठी अशी खोकी भरून नेली आणि पुढे ती चाल देशोदेशी पसरली.

तुम्ही म्हणाल, आपण दिवाळीला देतोच की, मग पुन्हा नाताळ कशाला? मलाही तसंच वाटलं होतं. पण दिवाळीत वसतिगृहांकडे फराळाच्या पिशव्यांची रीघ लागते, आणि ज्यांना कुणी नातेवाईक आहेत त्या मुली सुट्टीत घरी जातात. डिसेंबरात मात्र सगळ्या तिथेच असतात, थंडी पडलेली असते, आणि दाराशी फारसं कुणी येत नाही.

आता खोकं कसं भरायचं ते सांगते. पण त्याआधी माझीच एक चूक सांगायला हवी.

पहिल्या वर्षी आम्ही ठरवलं की, ज्या बाईला जे सुचेल ते तिने भरावं. परिणाम असा झाला की, वीस खोकी वीस तऱ्हांची! एकात बॅटरीवर चालणारी बाहुली, दुसऱ्यात नुसता बिस्किटांचा पुडा आणि जुना फ्रॉक. मुलींनी एकदमच झाकणं उघडली आणि लगेच एकमेकींच्या खोक्यांत डोकावू लागल्या. नऊएक वर्षांच्या एका मुलीने मात्र खोकं उघडलं, पाहिलं आणि झाकण पुन्हा लावून मांडीवर घेऊन बसली. मी जवळ जाऊन विचारलं, "काय गं, आवडलं नाही का?" ती हळूच म्हणाली, "बाई, माझ्यातली पेनं उमटत नाहीत."

ते खोकं माझंच होतं. शाळेचे पेपर तपासायच्या घाईत मी लेकीच्या कपाटातले जुने स्केचपेन उचलून त्यात टाकले होते. उमटतात की नाही हे पाहायचंसुद्धा मला सुचलं नाही. घरी येईपर्यंत मी कुणाशी बोलले नाही.

रात्री मला माझे आजोबा आठवले. ते कोकणातून शिकायला पुण्यात आले आणि वार लावून जेवले. आठवड्याचे सात दिवस, सात घरं. म्हातारपणीही ते सांगत, "सोमवारच्या घरी पक्वान्न असायचं, पण पान उरल्यासुरल्यावर वाढलेलं असायचं. गुरुवारच्या घरी साधी आमटी-भाकरी, पण त्या माउली विचारायच्या, ‘बाळ, तिखट चालतं ना रे तुला?’" पक्वान्न कोणतं ते आजोबा विसरले होते. तो प्रश्न मात्र त्यांना साठ वर्षं आठवत होता.

तेव्हा पहिला नियम हा: आधी विचारा. दुसऱ्या वर्षी मी वसतिगृहाच्या अधीक्षिकाबाईंना भेटायला गेले. त्या म्हणाल्या, "वह्या आणि बिस्किटं आमच्याकडे पुष्कळ येतात हो. पायमोजे कुणी आणत नाही. थंडीत पाय फुटतात मुलींचे. खोबरेल तेलही लागतं. आणि मोठ्या मुलींसाठी पॅड आणलेत तर फार बरं होईल. तेवढे वेगळे, माझ्या हातात द्या." हे घरी बसून सुचलं नसतं.

दुसरा नियम: पैसे एकत्र करा आणि सगळी खोकी सारखी भरा. आम्ही बारा जणी प्रत्येकी अडीचशे रुपये काढतो, म्हणजे तीन हजार झाले. वीस मुली, दर खोक्याला दीडशे रुपये. घाऊक खरेदी केल्यामुळे गेल्या वर्षी आमचा हिशेब असा बसला:

पायमोज्यांचा जोड – २५ रु.
खोबरेल तेलाची लहान बाटली – २० रु.
टूथब्रश – १५ रु.
कंगवा आणि रिबिनी – २० रु.
रंगीत खडू – २५ रु.
चित्रकलेची वही – २० रु.
राजगिऱ्याची चिक्की – १० रु.
पाच सागरगोटे, छोट्या पिशवीत – १५ रु.

एकूण दीडशे. तुमच्याकडे भाव थोडे कमीजास्त असतील. रंग आणि वह्या अप्पा बळवंत चौकात, कंगवे आणि रिबिनी तुळशीबागेत, बाकीचं रविवार पेठेत. डझनावर घेतलं तर दुकानदार भाव कमी करतो; मात्र शनिवार-रविवारच्या गर्दीत जाऊ नका, बोलायलाच सवड नसते त्यांना. सागरगोट्यांच्या पिशव्या आम्ही ब्लाउजच्या उरलेल्या कापडाच्या शिवल्या.

आता काही खबरदारी. खाऊवर छापील तारीख पाहूनच घ्या, आणि शेंगदाणे कुणाला बाधतात का ते अधीक्षिकांना विचारून ठेवा. खेळणं घेतलंत तर आयएसआय खूण बघा. १ जानेवारी २०२१ पासून आपल्याकडे मुलांच्या खेळण्यांवर ती सक्तीची आहे. तीन वर्षांखालच्या मुलांना सागरगोटे, मणी, गोट्या असलं काही देऊ नका, घशात अडकतं. बटणासारख्या चपट्या सेलची खेळणी तर कुठल्याच खोक्यात नकोत. तो सेल गिळला गेला तर आतून भाजतं. जुनं द्यायचंच असेल तर स्वतःला एक प्रश्न विचारा: हे मी माझ्या भाचीला वाढदिवसाला देईन का? उत्तर ‘नाही’ आलं तर ती वस्तू रद्दीची.

खोकं बुटांच्या दुकानातून मागून आणावं. बहुतेक दुकानदार फुकट देतात. खोकं आणि झाकण यांना वेगवेगळा कागद चिकटवा, म्हणजे ते उघडबंद होत राहील. जुन्या कॅलेंडरच्या पानांची कोरी बाजू छान दिसते. मैद्याची खळ घरी करा, पण तिच्यात मोरचूद घालू नका. वाळवी लागत नाही म्हणून पूर्वी दफ्तरी लोक घालत, पण ते विषारी असतं.

आणि फोटो. देतानाचे फोटो काढून चारचौघांना पाठवायचा मोह सगळ्यांनाच होतो. अशा संस्थांतल्या मुलांची ओळख उघड करायला २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ ने बंदी आहे. पण कायदा नसता तरी मी हेच म्हटलं असतं. हात पुढे केलेला आपला फोटो जन्मभर कुणाच्या तरी मोबाइलमध्ये असावा, असं आपल्या मुलीच्या बाबतीत आपल्याला चालेल का?

"दीडशे रुपयांनी काय होणार?" असं आमच्यातल्या एकीने विचारलं होतं. तिला मी पंडिता रमाबाईंची गोष्ट सांगितली. १८८७ साली अमेरिकेत बॉस्टनला त्यांच्या नावाची संस्था निघाली, तेव्हा गावोगावच्या मंडळांतल्या सभासदांनी दरसाल थोडी थोडी रक्कम दहा वर्षं देण्याचं कबूल केलं. त्या आधारावर १८८९ च्या मार्चमध्ये मुंबईत शारदा सदन उघडलं आणि पुढच्याच वर्षी ते आपल्या पुण्यात आलं. रक्कम लहान होती, पण ती दरसाल येणार हे ठरलेलं होतं. म्हणूनच एकदा मोठी भेट देऊन विसरण्यापेक्षा लहानशी भेट दर वर्षी द्यावी, असं मला वाटतं.

गेल्या वर्षी खोकी देऊन झाल्यावर अधीक्षिकाबाईंनी मला मुलींची झोपायची खोली दाखवली. खाटांखाली आधीच्या वर्षांची खोकी सरकवून ठेवलेली होती. खडू कधीच संपले होते. आत पत्रं, तुटकी बांगडी, मोरपीस, कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका. "इथे सगळं सामाईक असतं ना," बाई म्हणाल्या, "झाकण लावता येईल असं स्वतःचं म्हणावं ते एवढंच."

माझ्या त्या मुलीचंही खोकं तिथे होतं, पहिल्या वर्षीचं. झाकणाच्या आतल्या बाजूला तिने शिसपेन्सिलीने आपलं नाव लिहिलं होतं. न उमटणारे स्केचपेन तिने टाकले नव्हते. टोपणं लावून, रंगांप्रमाणे ओळीने रचून ठेवले होते.

म्हणून या वर्षी, मैत्रिणींनो, एवढंच करा. खोकं बंद करण्याआधी एका कागदावर प्रत्येक खडू ओढून बघा. पाच मिनिटं लागतात. मी ती काढायला विसरले होते.