साधेपणाची आरती आणि पाण्याचा कायदा

भाई गणपतराव देशमुख 30 जुलै 2021 रोजीं निवर्तले. त्यानंतर त्यांच्यावर जे मृत्युलेख आले, जीं भाषणें झालीं, आणि आजहि त्यांचें नांव निघतांच जें गुणगान होतें, त्या सर्वांचा मथितार्थ एका वाक्यांत सांगतां येईल: हा मनुष्य अकरा वेळां आमदार झाला, तरी एस.टी.नें हिंडत असे. ही गोष्ट खरी आहे आणि आदरणीयहि आहे. परंतु ज्या गृहस्थानें सुमारें अर्धशतक विधानसभेंत घालविलें, त्याच्याविषयीं आम्हां सुशिक्षितांस सांगण्यासारखें एवढेंच आढळावें, यांत त्याच्या थोरवीपेक्षां आमच्या बुद्धीचें दारिद्र्यच अधिक प्रकट होतें, असें आमचें स्पष्ट मत आहे. एखाद्या नामांकित वकिलाच्या मृत्यूनंतर त्याच्या स्वच्छ धोतराची तारीफ करावी आणि त्यानें लढविलेल्या एकाहि दाव्याचा उल्लेख करूं नये, त्यांतलाच हा प्रकार होय.

हें विस्मरण निष्पाप नाहीं. आम्ही महाराष्ट्रीय लोक एखाद्यास एकदां संत ठरविलें, म्हणजे त्याचें म्हणणें ऐकण्याच्या जबाबदारींतून मोकळे होतों. पालखीस खांदा दिला कीं झालें. उपदेशाशीं कोणाला कर्तव्य आहे? गणपतरावांच्या एस.टी. प्रवासानें कोणाचेंहि कांहीं जात नव्हतें, म्हणून तो सर्वांस प्रिय झाला. पण ‘पाणी कोणा एकाच्या मालकीचें नाहीं, तें कालव्याच्या तोंडाशीं असणाऱ्यास जितकें, तितकेंच शेपटाशीं असणाऱ्यास मिळालें पाहिजे’ हें जें त्यांच्या राजकारणाचें सार, तें मान्य केल्यास पुष्कळांच्या उसावर गदा येते. म्हणून त्यांचा साधेपणा तेवढा पुढें केला जातो, आणि त्यांचें राजकारण मागच्या दारानें बाहेर काढून दिलें जातें.

ज्यांस हा इतिहास परिचित नसेल त्यांच्यासाठीं चार गोष्टी सांगणें अवश्य आहे. गणपतराव हे सोलापूर जिल्ह्यांतील सांगोल्याचे प्रतिनिधि. 1962 सालीं ते प्रथम निवडून आले; 1972 आणि 1995 या दोन सालीं पडले; 1974 च्या पोटनिवडणुकीनें पुन्हां सभागृहांत गेले; आणि 2014 सालीं अकराव्यांदा निवडून येऊन 2019 पर्यंत तेथें राहिले. हें सर्व त्यांनीं शेतकरी कामगार पक्षाच्या एकाच झेंड्याखालीं केलें. 1947 सालीं स्थापन झालेला हा पक्ष राज्यांत कधींहि स्वबळानें सत्तेवर आला नाहीं, आणि पुढें तर तो झिजतच गेला. 2024 च्या निवडणुकींत 288 जागांपैकीं त्याच्या वांट्यास एकच आली, आणि तीहि सांगोल्याचीच! 1978 आणि 1999 मध्यें गणपतराव थोडाथोडा काळ मंत्री झाले, तेवढे सोडल्यास त्यांचें सर्व आयुष्य विरोधी बांकांवर गेलें.

आतां कोणी विचारील, कीं सोनपेठेंत बसून सांगोल्याच्या आमदाराची उठाठेव तुम्हांस कशाला? याचें उत्तर आमच्या तालुक्याच्या कांठावरून वाहत जातें. गोदावरीला आमच्याकडे गंगाच म्हणतात. या गंगेचें पाणी आमच्यापर्यंत येण्यापूर्वीं नाशिक व नगर जिल्ह्यांतील धरणें भरतात. मग पैठणास जायकवाडी भरते. पैठणच्या उजव्या कालव्यांतून माजलगांवास आधार मिळतो. आणि मग कोठें आमची पाळी येते. ह्याच तालुक्यांतील खडका येथील बंधाऱ्यांतून परळीच्या औष्णिक विद्युत्केंद्रास पाणी जातें; 2013 सालीं पाण्याअभावीं तें केंद्रच बंद ठेवण्याची पाळी आली होती. नदीच्या खालच्या अंगास राहणाऱ्या मनुष्यास पाणी मिळतें तें दोहोंपैकीं एका कारणानें: वरच्याची कृपा, किंवा कायद्याचा हक्क. कृपेचा अनुभव आम्हांस पुरेसा आहे. म्हणून हक्काची भाषा विधानसभेंत कोणी जिवंत ठेविली, हा प्रश्न आम्हांस सांगोल्याइतकाच जवळचा आहे.

पहिला पूर्वपक्ष असा, कीं गणपतरावांच्या नांवाचा कायदा कोणता तो दाखवा. हा प्रश्न करणाऱ्यांनीं विधिमंडळाचें काम कसें चालतें याची माहिती करून घेतली तर बरें. ज्यास बहुमत नाहीं त्याच्या नांवाचें अशासकीय विधेयक क्वचितच मंजूर होतें. तें मांडावयाचें तें बहुधा चर्चा घडवून आणण्यासाठीं. लहान पक्षाच्या सभासदाचीं खरीं हत्यारें निराळीं आहेत: तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, कपात सूचना, अर्ध्या तासाची चर्चा, आणि विधेयकाच्या दुसऱ्या वाचनांत कलमागणिक सुचविलेल्या दुरुस्त्या. यांपैकीं कशाचेंहि उद्घाटन होत नाहीं, कोनशिला बसत नाहीं, छायाचित्र निघत नाहीं. परंतु सरकारला जें टाळावयाचें असतें तें दप्तरांत नोंदविलें जातें, आणि एकदां नोंदविलेली गोष्ट दहा वर्षांनीं कायद्याच्या मसुद्यांत डोकें वर काढते. बी पेरणारा एक व कापणी करणारा दुसरा, हें शेतांत अन्यायाचें असेल. विधिमंडळांत तो नित्याचा व्यवहार आहे.

रोजगार हमीचें उदाहरण घ्या. ही कल्पना वि. स. पागे यांची, ते काँग्रेसचे, व विधानपरिषदेचे सभापति. 1965 सालीं तासगांव तालुक्यांत तिचा प्रयोग झाला, हें श्रेय ज्याचें त्यास दिलेंच पाहिजे. परंतु 1972 च्या दुष्काळांत खडी फोडणाऱ्या मजुरांचे जे मोर्चे निघाले, त्यांच्या मागणीस सभागृहांत वाचा फोडणारे बहुतेक लहान पक्षांचेच लोक होते. ‘योजना’ आणि ‘हमी’ या दोन शब्दांत जमीनअस्मानाचें अंतर आहे. योजना सरकारच्या मर्जीनें सुरू होते व मर्जीनें बंद पडते. हमीचा कायदा झाला कीं मजूर याचक राहत नाहीं, हक्कदार होतो. महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम 1977 सालीं झाला व 26 जानेवारी 1979 पासून अंमलांत आला. त्याच्या खर्चासाठीं 1975 पासून आम्हां पगारदारांवर व्यवसाय कर बसला, व तितकीच रक्कम सरकारनें घालावयाची असें ठरलें. वर्षास फार तर अडीच हजार रुपयांचा हा कर कापला गेला कीं आमच्यांतले पुष्कळ जण कपाळास आठ्या घालतात; तो कशासाठीं कापला जाऊं लागला हें मात्र शंभरांत पांचांसहि ठाऊक नसतें. त्या पैशांतून पाझर तलाव झाले, नाल्यांस बांध पडले, डोंगरउतारावरची माती थोपविली गेली. 1990 पासून फळबाग लागवडीस या योजनेची जोड मिळाली, आणि सांगोल्याच्या खडकाळ माळावर डाळिंबाच्या बागा उभ्या राहण्यास तिचा मोठा आधार झाला. मजुराच्या पोटाचा प्रश्न आणि जमिनीच्या धुपेचा प्रश्न हे एकाच कायद्यानें सोडवितां येतात, हें महाराष्ट्रानें दाखविलें, आणि 2005 सालीं संसदेनेंहि त्याच धर्तीवर देशासाठीं कायदा केला.

पाण्याची कथा याहून लांब आणि कडू आहे. बारमाही उसास पाणी द्यावें कीं अधिक शेतकऱ्यांस आठमाही द्यावें, हा वाद 1979 सालीं दांडेकर, देऊसकर व दत्ता देशमुख या तिघांच्या समितीनें ऐरणीवर आणला. यांतले दत्ता देशमुख हे लाल निशाण पक्षाचे, म्हणजे आणखीच लहान पक्षाचे! पुढें 1993 पासून आटपाडीस क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी यांच्या पुढाकारानें सातारा, सांगली व सोलापूर या जिल्ह्यांतील तेरा दुष्काळी तालुक्यांच्या पाणी परिषदा भरूं लागल्या, आणि गणपतराव त्यांचे एक आधारस्तंभ झाले. कृष्णेचें पाणी उचलून माणदेशास द्या, एवढीच त्यांची मागणी असती तर तिच्यांत विशेष कांहीं नव्हतें. अशी मागणी प्रत्येक आमदार करतो. विशेष हें, कीं आलेलें पाणी कसें वांटावयाचें हेंहि त्यांनीं त्याच वेळीं सांगितलें. पाणी समन्यायानें वांटा, नाहीं तर एका दुष्काळाच्या जागीं दुसरा दुष्काळ उभा राहील. बाहेर परिषदा आणि आंत प्रश्नोत्तरें, असा हा दुहेरी नांगर होता.

याच तत्त्वास 2005 च्या महाराष्ट्र जलसंपत्ति नियमन प्राधिकरण अधिनियमांत स्थान मिळालें. त्याच्या कलम 12 (6) (ग) अन्वयें खोऱ्यांतील टंचाई सर्वांनीं सारखी सोसावयाची आहे. ऑक्टोबरअखेर सर्व धरणांतील उपयुक्त पाण्याचें प्रमाण जवळजवळ समान राहील असें नियंत्रण करावयाचें आहे. या कलमावर कोणा एकाची मुद्रा नाहीं. परंतु तें आकाशांतूनहि पडलें नाहीं. आमच्या गोदावरीस त्याचें फळ मिळण्यास किती काळ लागला तें पाहा. कायदा 2005 चा. नियम व्हावयास 2013 उजाडलें. प्राधिकरणानें 2014 च्या सप्टेंबरांत निर्णय दिला, कीं 15 ऑक्टोबर रोजीं जायकवाडींत उपयुक्त पाणी 65 टक्क्यांहून कमी असल्यास वरच्या धरणांतून सोडलें पाहिजे. आणि 2016 सालीं मुंबई उच्च न्यायालयानें त्यावर शिक्कामोर्तब केलें. मध्यंतरीं 2011 सालीं दुरुस्ती होऊन शेती, उद्योग व पिण्याचें पाणी यांत वांटणी ठरविण्याचा अधिकार प्राधिकरणाकडून मंत्रिमंडळाकडे गेला, तो निराळाच. आणि याहून जुना जो 1976 चा पाटबंधारे अधिनियम, त्याचे तर नियम चार दशकें लोटलीं तरी झाले नाहींत! कायदा करून नियम न करणें म्हणजे विहीर खणून पोहरा लपवून ठेवणें होय. असला पोहरा कोठें आहे, असें वर्षानुवर्षें विचारीत राहणारा एक तरी सभासद सभागृहांत असावा लागतो. आणि जे सत्तेवर असतात किंवा उद्यां येऊं पाहतात, त्यांस हा प्रश्न सोयीचा नसतो.

दुसरा पूर्वपक्ष निधीचा. सत्ताधारी आमदार निधि आणतो, सभामंडप बांधतो, रस्ता करतो. विरोधकाच्या हातीं काय? आम्ही म्हणतों, रस्ता अवश्य हवा. परंतु निधि ही मंत्र्याची देणगी म्हणून मतदारांपुढें मिरविली जाते, आणि कायद्यानें मिळालेलें पाणी हा त्यांचा अधिकार असतो. देणगी पुढच्या निवडणुकीपर्यंत टिकते, अधिकार नातवापर्यंत. जे मतदार केवळ निधीचा हिशेब विचारतात, ते आमदार निवडीत नाहींत, मुकादम नेमतात.

तिसरा पूर्वपक्ष मात्र वजनदार आहे, आणि त्यास बगल देणें अप्रामाणिकपणाचें होईल. सांगोल्यानें हा मनुष्य अकरा वेळां निवडून दिला, तरी तालुक्याच्या घशाची कोरड दशकानुदशकें गेली नाहीं. मग या तपश्चर्येचें फळ काय? शिवाय ज्या डाळिंबाची आम्ही वाखाणणी केली, त्याच्यापायीं भूगर्भांतील पाण्याचा उपसा वाढला, हेंहि नाकारतां येणार नाहीं. आमचें उत्तर असें. उशीर झाला हें खरें. परंतु तो दोष मागणाऱ्याचा कीं नाकारणाऱ्याचा? कृष्णा लवादाचा निर्णय 1976 सालीं प्रसिद्ध झाला, आणि टेंभूसारख्या उपसा योजनेचें काम सुरू व्हावयास 1996 साल लागलें; या वीस वर्षांचा जाब बहुमतवाल्यांनीं द्यावयाचा आहे, विरोधी बांकावरील मूठभरांनीं नव्हे. आणि भूजलाचा उपसा कायद्यानें आवरावयाचा, तर त्यास सर्वांवर सारखें बंधन घालण्याचें धैर्य लागतें. तें धैर्य ज्या तत्त्वांतून येतें तें समन्यायाचेंच तत्त्व होय. औषध उशिरां व अपुरें दिलें म्हणून वैद्याच्या निदानास खोटें म्हणतां येत नाहीं.

आतां वाचकांस आमचा एकच प्रश्न आहे. आपल्या मतदारसंघाच्या प्रतिनिधीनें गेल्या अधिवेशनांत कोणता प्रश्न विचारला, कोणत्या विधेयकावर तोंड उघडलें, हें आपल्यापैकीं कितीजणांस सांगतां येईल? विधिमंडळाच्या कामकाजाचीं इतिवृत्तें छापलीं जातात; तीं काय वाळवीसाठीं? त्याची गाडी कोणती, त्याच्या मुलाचें लग्न किती थाटाचें, हें आम्हांस तोंडपाठ. आणि साधा असला तर त्याच्या साधेपणाचेंहि आम्ही तसेंच कौतुक करतों. दोन्ही ठिकाणीं दृष्टि एकच, कपड्यांपलीकडे न जाणारी. मराठवाड्यास सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यांत खऱ्या लोकसभेचें तोंडहि पाहावयास मिळालें नव्हतें. धाराशिवच्या भाई उद्धवराव पाटलांसारख्यांनीं त्यानंतर येथें विरोधी पक्षाची जी परंपरा घातली, ती आम्हीं एवढ्या लवकर विसरावी हें आम्हांस शोभत नाहीं.

गणपतरावांचें स्मारक करावयाचें असेल तर त्यांचा पुतळा एस.टी.च्या थांब्यावर बसविण्याची गरज नाहीं. येत्या 15 ऑक्टोबरला जायकवाडींत किती टक्के पाणी आहे हें पाहावें. 65 हून कमी असल्यास आपल्या आमदारास, तो कोणत्याहि पक्षाचा असो, कलम 12 (6) (ग) चें स्मरण करून देणारें एक पत्र धाडावें. आणि त्यानें सभागृहांत काय केलें याचा जाब पुढच्या मतदानापूर्वीं मागावा.