भिशीचे पैसे मुक्कामाला नकोत

'भिशी मोडा, बँकेत ठेवा' हा सल्ला नवी मुंबईतल्या सारसोळ्यासारख्या आगरी-कोळी गावठाणात फारसा चालत नाही, आणि त्यात गावाची चूक नाही. मासळी विकून रोजचा पैसा ज्या घरात येतो, तिथे ठरल्या तारखेला दारात येऊन हप्ता मागते ती भिशीवाली. बँक मागत नाही. तेव्हा भिशी असावी की नसावी, हा वाद सोडून देऊ. बघायचं ते एवढंच, की जमलेला पैसा एकाच हातात किती दिवस राहतो. समजा, १२ बायकांची दरमहा २,००० रुपयांची भिशी आहे. २४,००० जमले, चिठ्ठी निघाली आणि सगळ्यांसमोर मोजून जिला भिशी लागली तिच्या हाती गेले, तर पळवायला मागे काही उरत नाही. जोखीम उरते ती हप्त्यांची: पहिलीच भिशी उचलणारीकडून २२,००० यायचे बाकी असतात आणि शेवटच्या नंबरवालीचे तेवढेच दुसऱ्यांकडे अडकलेले असतात. म्हणून सुरुवातीचे नंबर जामीन देणाऱ्यांनाच द्यावेत आणि प्रत्येक हप्त्याला वहीत सही घ्यावी.

'घरच्या माणसांत सही कसली?' असं कुणी म्हणेल. पण चिट फंड कायदा, १९८२ नुसार ठरलेल्या छोट्या मर्यादेपलीकडची लिलावाची भिशी नोंदणीशिवाय चालवता येत नाही. बहुतेक घरगुती भिश्यांची नोंद नसते. पैसे बुडाले की हातात पुरावा असतो तो त्या वहीचाच. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: बँका तरी कुठे सुरक्षित आहेत? शेजारच्या पनवेलच्या कर्नाळा नागरी सहकारी बँकेचा परवाना २०२१ मध्ये रद्द झाला, हे खरंच. मात्र तिथे ठेवीदारामागे पाच लाखांपर्यंत विम्याचं कवच होतं. भिशीवालीच्या कपाटाला ते नाही.

म्हणून जी भिशी पैसा जमवून ठेवते, व्याजाने फिरवते आणि वर्षाअखेर नफा वाटू म्हणते, तिने भिशी म्हणवून घेऊ नये. ती ठेवच आहे. असं काम करायचंच तर बचत गट करावा, दोघींच्या सहीचं खातं उघडावं आणि दर बैठकीत हिशोब मोठ्याने वाचावा. १९९२ पासून नाबार्डने गटांना बँकेशी जोडण्याची वाट करून दिली आहे. हिशोब मागितल्यावर जिला राग येतो, तिच्याकडे पुढचा हप्ता देऊ नये.